हप्ता भाडेकरी भरील म्हणे !

हल्लीं आमच्या धर्मापुरीकडे एक नवें कीर्तन सुरू झालें आहे. तें बुवा करीत नाहीं, दलाल करतो. टाळमृदंगाच्या ठिकाणीं मोबाईल असतो आणि हरिनामाच्या ठिकाणीं एकच पालुपद असतें : "पांच लाख रोख टाका, बाकीचें बँक देईल. घर भाड्यानें लावा. हप्ता भाडेकरी भरील, आणि वीस वर्षांनीं घर फुकट तुमचें !" परळीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीला हें ऐकूं येतें, सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नांत ऐकूं येतें, आणि पारावर बसलेल्या पोरांच्या हातांतील मोबाईलमध्येंही हेंच वाजत असतें. कोणी पुण्याकडील फ्लॅटचें चित्र दाखवितो, कोणी अंबाजोगाईच्या खोल्यांचें. ऐकणाऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढतें. कां चढूं नये ? ज्याच्या बापानें जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळला, त्याला घरमालक म्हणवून घेण्याची हौस वाटली तर तो गुन्हा नव्हे. गुन्हा त्या हौसेवर दुकान मांडणाराचा आहे. म्हणून आज या पालुपदाची साल काढून दाखविणें आम्हांस भाग आहे.

प्रथम हिशेब. हिशेबाची चोपडी पिढ्यानुपिढ्या दुसऱ्याच्या हातीं राहिली, म्हणूनच आमची मानही दुसऱ्याच्या हातीं राहिली. तेव्हां आजची चोपडी आपणच लिहूं.

समजा, पंचवीस लाखांचें घर घेतलें. पांच लाख घरचे, वीस लाख बँकेचे. मुदत वीस वर्षें. व्याज दरसाल दरशेंकडा सात. महिन्याचा हप्ता येतो १५,५०६ रुपये. आतां भाडें पाहूं. मोठ्या शहरांत शंभर रुपये किंमतीच्या घरास वर्षाकांठीं दोन-तीन, फार तर चार रुपये भाडें मिळतें. दलालाच्या बाजूनें चारच धरा. पंचवीस लाखांवर वर्षाचे झाले एक लाख, म्हणजे महिन्यास ८,३३३. हप्ता साडेपंधरा हजार आणि भाडें सव्वाआठ हजार ! वरचे सात हजार कोण भरणार ? भाडेकरी ? तो आपलें भाडें देऊन मोकळा झाला. ते सात हजार भरणार धर्मापुरीचें सोयाबीन, धर्मापुरीचा कापूस, आणि ते पडले तर फडावरचा कोयता. शिवाय घरपट्टी आहे, इमारतीचा दरमहाचा खर्च आहे, रंगसफेदी आहे, आणि एक भाडेकरी गेल्यावर दुसरा येईपर्यंतचे रिकामे महिने आहेत. खोली रिकामी पडते. व्याज मात्र एक रात्र झोंपत नाहीं.

यावर दलाल म्हणतो, "अहो, हप्त्यांत मुद्दलही फिटतें ना !" फिटतें, पण किती? पहिल्या वर्षीं भरलेल्या १,८६,०७२ रुपयांपैकीं सुमारें एक लाख अडतीस हजार नुसतें व्याज असतें. भाडें आलें एक लाख. म्हणजे भाड्यानें मुद्दल तर राहोच, व्याजसुद्धां पुरतें फिटत नाहीं. ज्या घराचें भाडें व्याजाला पुरत नाहीं, त्या घराचा खरा मालक कोण ? दारावरच्या पाटीवर नांव तुमचें असेल. पण तुम्ही बँकेचें कूळ आहां, आणि तुमच्या घरांत राहणारा तुमच्याखालचें पोटकूळ आहे.

आणि हें झालें सात टक्क्यांचें. सात टक्के सातच राहतील असें कोणी लिहून दिलें होतें ? रिझर्व्ह बँक ज्या दरानें इतर बँकांस थोड्या मुदतीचे पैसे उसने देते त्यास रेपो दर म्हणतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनीं दिलेलीं बदलत्या व्याजाचीं नवीं घरकर्जें अशा बाहेरच्या दराशीं बांधलेलीं असतात. बहुतेक रेपो दराशींच. तो दर मे २०२० पासून दोन वर्षें चार टक्के होता. त्या स्वस्ताईंत अनेकांनीं घरें घेतलीं. ४ मे २०२२ रोजीं दर चढूं लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें साडेसहावर जाऊन बसला. नऊ महिन्यांत अडीच टक्के ! आमच्या उदाहरणांतील सात टक्क्यांचें कर्ज साडेनऊचें झालें. त्या दरानें वीस लाखांचा हप्ता होतो १८,६४३. महिन्याला तीन हजारांवर बोजा वाढला, आणि घराची एक वीटही वाढली नाहीं.

पुष्कळ बँकांनीं हप्ता न वाढवितां मुदत वाढविली. कर्जदारास वाटलें, सुटलों. सुटला कसला ? एप्रिल २०२२ मध्यें कर्ज घेतलेल्या अशा माणसाचें मुद्दल त्या नऊदहा महिन्यांत वीसपंचवीस हजारांहून अधिक उतरलेलें नव्हतें. उरलेल्या पावणेवीस लाखांवर साडेनऊ टक्क्यांनीं एका महिन्याचें व्याजच होतें १५,६३५ रुपये, आणि हप्ता १५,५०६ ! म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही कर्ज वाढतच जाणार. आमच्या आजोबांना सावकाराच्या ओसरीवर जो अनुभव आला तोच नातवास संगणकाच्या कागदावर आला. हें इतकें उघड झालें कीं १८ ऑगस्ट २०२३ रोजीं रिझर्व्ह बँकेस फर्मान काढावें लागलें : दर वाढला कीं हप्ता वाढवायचा कीं मुदत, हें कर्जदारास विचारा, ठराविक व्याजाकडे जाण्याची वाट त्याला द्या, आणि मुदत अशी ताणूं नका कीं हप्त्यांतून व्याजही निघूं नये. फर्मान चांगलें आहे. पण तें किती कर्जदारांनीं वाचलें ? विचारणाऱ्यालाच उत्तर मिळतें.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर पुन्हां उतरूं लागला, म्हणून कीर्तनकारांचे गळे पुन्हां मोकळे झाले आहेत. पण दर चढतो-उतरतो कशानें, हें समजून घ्या. २०२२ मध्यें युक्रेनांत तोफा उडाल्या, तेल व धान्य महागलें, महागाई आवरण्यास जगभर दर चढले, आणि तो बोजा येऊन उभा राहिला धर्मापुरीच्या गोठ्यांत. दर चढला तो भाडेकऱ्याचा पगार वाढला म्हणून नव्हे. उतरला तोही कर्जदाराच्या डोळ्यांतील पाणी पाहून नव्हे. ज्या दोरीचें टोंक आपल्या हातीं नाहीं, ती गळ्यांत बांधून घेणारानें निदान दोरीची लांबी तरी मोजावी !

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. व्याज स्वस्त झालें कीं घर स्वस्त होत नाहीं, उलट महागतें. कारण पूर्वीं ज्याला पंधरा लाखच कर्ज झेपत होतें त्याला आतां अठरा लाख झेपतें, आणि विकणारा तें ओळखून असतो. व्याजांत जें सुटतें तें किंमतींत जातें. पुढें व्याज चढलें म्हणजे गिऱ्हाईक आटतें. घर विकूं म्हटलें तर लावलेली किंमत येत नाहीं आणि ठेवूं म्हटलें तर हप्ता पेलत नाहीं. भाडें तोकडें पडत असतां लोक घर घेतात तें एकाच आशेवर, कीं किंमत चढत राहील. ही आशा नवी नाहीं. तिनें या महाराष्ट्राला एकदां रक्ताचे अश्रू गाळावयास लाविलें आहे. तो इतिहास ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं कान देऊन ऐकावा.

१८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र भरून जमीन काढण्यासाठीं बॅकबेसारख्या कंपन्या निघाल्या. बँका त्यांच्या शेअरांवर कर्ज देत आणि त्या कर्जानें लोक आणखी शेअर घेत. जमीन अजून पाण्याखालींच, आणि तिची किंमत आभाळाला ! १८६५ मध्यें युद्ध थांबलें, कापूस कोसळला, आणि १ जुलैला देणींघेणीं पुरीं करण्याची वेळ येतांच सारा मनोरा ढासळला. बॉम्बे बँक, जींत सरकारचें भांडवल होतें, तीही त्यांत बुडाली. शेटजींचीं दिवाळीं निघालीं तीं कोर्टांत मिटलीं. पण खेड्यांत काय झालें ? तेजीच्या दिवसांत सावकारांनीं कुणब्यास हात सैल सोडून कर्ज दिलें होतें. कापूस पडल्यावर तेच हात आंवळले. जमिनीचें नांवाचें खरेदीखत करून घ्यावें आणि तीच जमीन त्याच कुणब्यास खंडानें लावावी, हा रिवाज पडला. तो खंड कसला ? तें व्याजच, खंडाचा फेटा बांधून आलेलें ! शेवटीं १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांचे कागद पेटविले, आणि पुणें व नगर जिल्ह्यांत आग पसरली. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा आला, आणि १८८३ मध्यें जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. पण सावकारी राज्याची हद्द पाहून चालत नसे.

आज सोंग उलटें झालें आहे. तेव्हां कुणब्याची जमीन घेऊन त्याला कूळ करीत. आज त्याला मालक म्हणून मिरवितात आणि जमीन तो आपण होऊन विकतो. हाच आमच्या सांगण्याचा गाभा आहे, म्हणून येथें जरा थांबा.

निजामी गेल्यावर १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यानें मराठवाड्यांतील संरक्षित कुळांस कसत्या जमिनीवर हक्क दिला. ज्या घरांस त्यांतून दोन-चार एकर मिळाले त्यांतलाच एखादा नातू आज म्हणतो, "कोरडवाहू रानांत काय ठेवलें आहे ? विका आणि फ्लॅट घ्या." रानांत काय ठेवलें आहे तें सांगतों. हप्ते थकले तर बँकेला कोर्टांत न जातां गहाण मालमत्ता ताब्यांत घेतां यावी असा एक कायदा २००२ मध्यें झाला. तीन महिने हप्ता चुकला कीं कर्ज बुडीताच्या खात्यांत जातें. मग साठ दिवसांची नोटीस. मग दाराला बँकेचें कुलूप. परंतु याच कायद्यांत लिहिलें आहे कीं शेतजमिनीच्या गहाणास तो लागू नाहीं. म्हणजे रान ही तुमची ढाल आहे. तें विकून भाड्याचा फ्लॅट घेतला कीं ढाल फेंकून उघड्या छातीनें तुम्ही त्याच कायद्यापुढें उभे राहतां. आणि तुमची कमाई येते कशी ? पीक निघाल्यावर. हप्ता येतो कसा ? महिन्याच्या महिन्याला. पगारदारानें पेलायचा हप्ता पावसावर जगणाऱ्यानें उचलला तर एका दुष्काळांत तीन हप्ते सहज चुकतात.

पगारदाराला आणखीही आधार आहे. आयकराच्या जुन्या पद्धतींत भाड्यानें दिलेल्या घराचें व्याज भाड्यांतून वजा करून राहिलेला तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारांतून वजा घालतां येतो. म्हणजे त्याच्या तोट्याचा कांहीं भाग सरकार सोसतें. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, म्हणून कुणब्याला ती वजावटही नाहीं. त्याचा तोटा तो एकटाच सोसतो. साहेबानें तसें घर घेतलें आणि साहेबाचें भलें झालें, हें पाहून आपण घेणें म्हणजे हत्तीनें नदी ओलांडली म्हणून शेळीनें उडी टाकणें होय.

हप्ता तुंबला कीं मग उघडते दुसरी वाट. बँकेचा हप्ता भरण्यास गांवच्या सावकाराकडून शेंकडा तीन दरमहा उचलावयाचे; म्हणजे वर्षाचे छत्तीस ! किंवा दसऱ्याआधीं मुकादमाकडून वाढीव उचल घ्यावयाची, आणि नवराबायकोनें पोरें पाठीशीं बांधून उंसाच्या फडांत ती फेडावयाची. ज्या घरांत राहावयाचें नाहीं, ज्याची भिंत कधीं शिवावयाची नाहीं, त्या घरासाठीं आमच्या आयाबहिणींनीं पहाटेच्या थंडींत मोळ्या वाहाव्या ! आणि मुलीची शाळा कोणत्या हप्त्यांत बसवावयाची ?

आतां भाडेकरी कोण तेंही पाहा. पुणें, चाकण, पिंपरीकडे एका खोलींत सहा-सहा जण राहणारीं हीं पोरें कोणाचीं ? बीडचीं, लातुरचीं, परभणीचीं, आमचींच. व्याज चढलें कीं मालक खोलीचें भाडें चढवूं पाहतो; व्याज उतरलें म्हणून कोणी भाडें उतरविल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. तेव्हां ही योजना म्हणजे काय ? धर्मापुरीच्या कुणब्यानें बीडच्या मजुराच्या पोराची कातडी ओढावयाची, आणि दोघांनीं मिळून व्याजाचें पोट भरावयाचें. भाऊच भावाचा वसुलीकारकून ! जुन्या सावकारालाही इतकी सोय नव्हती.

शेटजी-भटजींवर तोंडसुख घेऊन आम्ही येथेंच थांबलों तर तें सत्याला सोडून होईल. आज आमच्या भागांतील बेकायदा सावकार पाहा; पुष्कळदां तो आमच्याच जातीचा, आमच्याच भावकींतला, निवडणुकींत आमच्याच मतांवर उभा राहणारा असतो. बीड जिल्ह्यांत अधिक व्याजाचें गाजर दाखविणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थांचीं दारें २०२३-२४ च्या सुमारास बंद झालीं आणि ठेवीदार पावत्या हातीं घेऊन रस्त्यावर आले. त्या संस्था चालविणारे कोणी काशीहून आलेले नव्हते. जात पाहून विश्वास ठेवणें हीही एक भिक्षुकशाहीच आहे !

आणि आमचें आम्हांसही कांहीं लागतें. भूमिपूजनाला मुहूर्त काढला, वास्तुशांतीला भटजी बोलाविला, दक्षिणा दिली, दाराला लिंबू-मिरची बांधली; सारें जागच्या जागीं. कर्जाचा दर ठराविक आहे कीं बदलता, एवढें मात्र घरांतील एकानेंही विचारलें नाहीं. नऊ ग्रहांची शांति झाली. व्याज हा दहावा ग्रह तसाच राहिला, आणि त्याची शांति कोणत्याच पोथींत नाहीं. शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीपुढें कर्जाचा कागद ठेवा आणि तिला मोठ्यानें वाचावयास सांगा. तेवढें पुण्याहवाचन पुरे.

कोणी विचारील, मग आम्ही घरें बांधूंच नयेत काय ? भाडें हें वरच्या वर्गाचेंच वतन राहावें काय ? मुळींच नाहीं. बांधा, पण आपल्या ताकदीनें बांधा. अंबाजोगाईस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें खोलीला मागणी असते. समजा तेथें आपली जागा आहे, दोन खोल्यांस सहा लाख लागले, त्यांतले चार लाख घरचे व दोनच लाख साडेनऊ टक्क्यांचें कर्ज. खोलीस तीन हजार भाडें धरलें आणि वर्षांतले दहाच महिने मोजले तरी साठ हजार येतात. पहिल्या वर्षाचें व्याज जातें एकोणीस हजार. येथें भाडें व्याजाला खातें. पुण्याच्या फ्लॅटांत व्याज भाड्याला खात होतें. सारा भेद एवढाच आहे. मागणीचा भरवसा मात्र एकाच खांबावर ठेवूं नका. २०१५ मध्यें पाण्यावांचून परळीचें वीजकेंद्र बंद ठेवावें लागलें. ज्या गांवाचा रोजगार एका धुराड्यावर आहे तेथें धुराडें थंडावलें कीं खोल्याही थंडावतात.

म्हणून पांच गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवा. पहिली : दहा महिन्यांच्या भाड्यांतून बारा महिन्यांचें व्याज व डागडुजी निघत नसेल तर त्या व्यवहाराला हात लावूं नका, आणि दर आणखी अडीच टक्के चढला असें धरून तोच हिशेब पुन्हां करा. दुसरी : भाड्याच्या घरासाठीं रान विकूं नका. तिसरी : हप्ता भरण्यास सावकाराचें किंवा मुकादमाचें दार चढूं नका; चढावें लागेलसें दिसलें तर घर वेळींच विका, त्यांत अब्रू जात नाहीं. चौथी : भाडेकऱ्याशीं लेखी करार करून त्याची नोंदणी करा. १९९९ च्या महाराष्ट्राच्या भाडेकायद्यानें ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींच्या वादांत भाडेकऱ्याचें म्हणणें खरें धरलें जातें. पांचवी : २०१४ चा सावकारी कायदा घरोघर ठाऊक असूं द्या. परवान्यावांचून सावकारी हा गुन्हा आहे. शेतकऱ्यास तारणावर नऊ आणि तारणावांचून बारा टक्के ही वर्षाची कमाल मर्यादा त्या वर्षीं सरकारनें ठरविली. सावकारीच्या व्यवहारांत गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आंत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागतां येते. सुप्याच्या लोकांस कागद जाळावे लागले. आमच्या हातीं अर्ज आहे. तो न लिहिणें हा आमचाच आळस.

सरकारलाही आमचें एक सांगणें आहे. पावसावर जगणाऱ्यास कर्ज देणारानें हप्ताही पावसाच्या वेळापत्रकानें, पीक निघेल तेव्हां, घ्यावा. आणि कर्जाच्या कागदावर पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठींत लिहावें कीं दर अडीच टक्के चढला तर हप्ता किती होईल. विडीच्या पुडक्यावर धोका छापतात. वीस वर्षांच्या बेडीवर कां छापूं नये?

बांधवहो, धर्मापुरीस केदारेश्वराचें देऊळ शतकानुशतकें उभें आहे. तें दगडावर दगड बसवून उभें राहिलें आहे, वाऱ्यावर नव्हे. आपलें घरही तसेंच उभें राहूं द्या. पुढच्या वेळीं पारावर कोणी म्हणाला, "हप्ता भाडेकरी भरील," तर त्याला रागावूं नका. खडू त्याच्या हातीं द्या, आणि पारावरच हिशेब मांडावयास सांगा.